अकरा हात

माझं नाव खोशाबा. आमच्या बोलीत त्याचा अर्थ रविवार.
रविवारी जन्मलो म्हणून. बाकी पवित्र असं
माझ्यात फारसं काही नाही, पण विचारा गावात:
चाळीस वर्षं गहू मोजला, कुणाचा एक दाणा
इकडचा तिकडे केला नाही.
दाणा नाही.

दर साली थंडी उतरणीला लागली
की आम्ही तीन दिवस उपाशी, पाणीसुद्धा नाही.
ह्याच मातीतल्या निनवे शहराला एकदा सांगितलं गेलं होतं,
चाळीस दिवस उरलेत तुमचे,
आणि राजापासून रेडकापर्यंत सगळं शहर
गोणपाट गुंडाळून राखेत बसलं.
काशा ओराहा देवळात हे वाचतात तेव्हा मी मान डोलावतो.
काय वाईट असतील ती माणसं, मनात म्हणतो,
आणि गुडघ्याखालची उशी नीट करतो.

तिसऱ्या रात्री पोरींनी पोखिन केलं.
सात धान्यं भाजून, दळून, वर मूठभर मीठ.
तीन चिमटी तोंडात टाकायच्या, तसंच निजायचं;
स्वप्नात जो पाणी देईल तो नवरा.
माझी नात शमिरान हसत वाटी घेऊन आली,
"आजोबा, तुम्हीपण घ्या, बघू कोण येते ती."
घेतलं. बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली,
म्हटलं, येईलही.

आला गोर्गीस.

शेजारचा गोर्गीस, जो त्या उन्हाळ्यात
सगळं गाव पळालं तेव्हा
ट्रकच्या टपावर तहानेनं मेला,
आणि ज्याची वर्दा आता स्वीडनमध्ये
लेकाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर राहते.
जाताना म्हणाली होती, "भाऊ, आमच्या तुकड्यावर लक्ष ठेव."
ठेवलं. इतकं ठेवलं
की परतल्यावर पहिल्याच नांगरटीला
हद्दीचा दगड अकरा हात सरकला.
बांध कोरायला कुदळ लागत नाही,
शेजाऱ्याची गैरहजेरी पुरते.

स्वप्नात तो रागावलेला नव्हता. तेच वाईट.
त्याच्या विहिरीवरचा पत्र्याचा वाडगा, एक कान तुटलेला.
भरायचा, माझ्या हातात द्यायचा,
आणि मी पोती मोजतो त्या सुरात मोजायचा,
एक. दोन. तीन.
गार पाणी, घशाशी येऊन नाहीसं होणारं.
अकरावर थांबला.
वाडगा दगडावर पालथा घातला
आणि मागं न बघता निघून गेला.

जागा झालो तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं.
इतकी वर्षं हे नुसतं बोलण्यातलं वाटायचं.

भिंतीवरच्या क्रूसाकडं पाहिलं नाही. पहार घेतली.
गहू वीतभर वर आला होता, माझा गहू,
म्हणजे तिचा; अंधारात तुडवतच गेलो.
दगड उपटताना कळलं, तेव्हा सरकवला
तो सात वर्षांनी तरुण माणूस होता.
अकरा हात. मधे दोनदा बसलो.
प्रार्थना आली नाही. आला नुसता दम,
आणि दमाबरोबर एक शब्द,
लेकरू मार खायच्या आधी म्हणतं तसा,
चुकलो.
दर हाताला एकदा.

मला वाटायचं, इशारा म्हणजे
आभाळातला कडकडाट, आगीची धमकी.
तहानलेल्याला पाणी पाजून कुणी बजावतं का?
पण नाशच करायचा असता
तर आधी सांगायला माणूस कशाला धाडला असता?
शहराला चाळीस दिवस दिले. मला सात वर्षं.
माझ्यावर भरवसा जास्त होता
की माझी कीव जास्त, माहीत नाही.

पहाटे फोन लावला. तिकडे अजून मध्यरात्र उलटलेली.
"वर्दा, तो दगड..."
बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाली, "फोटोत पाहिला होता मी.
चार वर्षं झाली, शमिराननं शेताचा पाठवला होता.
दर उपवासाला वाटायचं, ह्या साली करेल फोन."
"मग बोलली का नाहीस?"
"बोलत होते की. तुझ्याशी नाही."

उभ्या गव्हाचं काय करायचं, ते विचारायचं राहिलंच.
फोन ठेवून पाण्याचा तांब्या उचलला.
देवळातली घंटा अजून व्हायची होती.
खाली ठेवला.