अर्थाची तार

बंदरावरच्या माझ्या दुकानात फिश-फाइंडर येतात,
वायरलेस येतात, खारं पाणी प्यालेले सर्चलाइट.
गिटार पहिल्यांदाच आली.
फ्लोरिना फर्नांडिसनं ती काउंटरवर ठेवली
सुरमई ठेवावी तशी, आडवी, पोट वर.

"आवाज वाढवलंय की खरखरता, मेथरकाका.
शिरोड्याच्या लग्नात तर मधीच मेलो."

अकरा स्क्रू. तीन गंजलेले, एक मुळात नव्हताच.
प्लेट उचलली तर आत हिरवं साचलेलं,
होडीच्या तांब्याच्या खिळ्यांवर चढतं तेच.
मीठ वाऱ्यानं आणलं की तिच्या मनगटाच्या घामानं,
कोण सांगणार.

तिनं मोबाइल पुढे केला.
सगळा संच आधीच जोडून मिळतो म्हणे:
तीन पॉट, पाच खटक्यांचा स्विच, जॅक,
काजूबीएवढा नारिंगी कपॅसिटर,
तारा कापून, वळवून, झाळून.
एक अठराशेचा, एक साडेचार हजारांचा.
"खयचो घेव? की तुमीच जोडून देशात?
सुटे आठशेत गावतत."

मी चष्मा पुसला.
गेल्या नारळी पौर्णिमेपासून
सोल्डरचा थेंब मी म्हणेन तिथं पडत नाही.
कुबलांच्या वायरलेसचा एक पाय जोडताना
चार वेळा श्वास रोखावा लागला.
हे कुबलांना सांगितलेलं नाही, तिलाही नाही.

"तयार घे गो," म्हणालो.
आणि मग कारणं सुचत गेली,
त्यांतली बरीच खरीही होती.
तुझे पिकअप एकेरी वेटोळ्याचे, त्यांना अडीचशे के.
पाचशेचे लावशील तर वरचा सूर काचेसारखा टोचेल.
अठराशेवाल्याचं पत्र्याचं बूड पातळ,
या हवेत दोन हंगाम, फार तर.
दांडा आखूडच बघ, प्लेटवर बसायचाय,
लांब घेतलास तर बटण अधांतरी राहील.
आणि खाच किती खोल?
तिनं करंगळी घातली. दुसऱ्या पेरापर्यंत गेली.
स्विच बसेल, कसाबसा.

"साडेचार हजार म्हणजे," ती म्हणाली,
"दोन लग्ना आणि एक हळद."
आणि बोटानं तोच दाबला.

पार्सल कुडाळपर्यंत आलं, तिथून एस.टी.नं,
कंडक्टरच्या पायाशी.
उघडलं. प्रत्येक सांधा गोल, चकचकीत,
ताज्या पापलेटच्या डोळ्यासारखा.
असं मी झाळायचो.
बघत बसलो. घरून जेवायला दोनदा फोन आला.

पिकअपचे शेंडे स्क्रूखाली दाबायची सोय होती,
तेवढं मला जमलं.
एक तार उरली. काळी, लोंबती,
मागून स्प्रिंगांच्या पट्टीला झाळायची, अर्थाची.
ती कारखान्यातून जोडून येत नाही.
त्यांच्याकडे तुझं लाकूड नसतं.

"पट्टी जाड आसा, ऊब पिता," मी म्हणालो,
"मी तार धरतंय, तू टेकव."
"माका येतला?"
"टेकव. धा मोज. मग सोल्डर लाव."

ती मोजत होती आणि माझ्या चिमट्यात
तार पाण्यातल्या गळासारखी हलत होती.
सहापाशी ती थांबली.
काही न बोलता डावा तळवा माझ्या मनगटावर ठेवला,
वाजती तार गप्प करतात तसा,
आणि सातपासून पुढे मोजलं.

सांधा ओबडधोबड झाला. पण धरला.

जुन्या रेडिओच्या अँप्लिफायरला लावली.
बोट तारांना लागेपर्यंत गुणगुण,
लागलं की शांत.
चार-पाच वेळा तिनं तेवढंच केलं,
लावलं, उचललं, लावलं.
मग एकदा आवाज पूर्ण वर नेला आणि वाजवलं,
तेव्हा जेटीवर जाळं विणणाऱ्यांनी माना वळवल्या.

मजुरी विचारली. कसली मजुरी, झाळलंस तू.
तरी पन्नास ठेवून गेली,
आणि जुने तीन पॉट, काउंटरवरच.

त्यांतला एक मी दुपारी कधीतरी फिरवतो,
गिऱ्हाईक नसताना. शून्यापासून दहापर्यंत.
कशालाच जोडलेला नाही.
खरखर तरी बोटाला कळते.