झालं म्हणजे काय

सकाळी साडेनवाला आम्ही उभे राहतो
पाटोच्या चौथ्या मजल्यावर, काचेपाशी.
काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं.
पंधरा मिनिटं.
युजीनचा एक पाय बुटाबाहेर,
सुलक्षा बिस्कीट चहात बुडवून विसरते.
फळ्यावरचे पिवळे कागद दमट हवेनं कडांना वळलेले.
एखादा गळतो,
आंतोनेतबाय झाडताना उचलून परत लावते,
बहुतेक चुकीच्या रकान्यात.
दोनदा आम्ही त्यामुळे वेळेआधी संपवलंय काम.

माझा रकाना चाचणीचा.
त्याच्यापुढं फक्त ‘झालं’.

बाबा चोडणला खाजनाच्या बांधावर मानस राखायचे.
मानस म्हणजे मन नव्हे, दार.
लाकडी. भरतीनं आपोआप मिटणारं,
ओहोटीनं आपोआप उघडणारं.
‘आपोआप’ म्हटलं की बाबा हसायचे.
मग मला पगार कशाला देतात, विचार त्यांना.
उधाणाच्या रात्री बॅटरी घेऊन जायचे
आणि हात लावायचे बांधाच्या कोरड्या बाजूला.
ओली बाजू काय, सगळ्यांनाच दिसते.
कुर्लीचं बीळ बोटाएवढं,
पण त्यातून आत आलेलं खारं पाणी
तीन वर्षं भात धरू देत नाही.

आम्ही बनवतो औषधांची घंटा,
पोर्तूमधल्या एका वृद्धाश्रमासाठी.
कुणाला, कुठली गोळी, किती वाजता.
गुरुवारी सगळे कागद ‘झालं’मध्ये,
शुक्रवारी तिकडच्या लोकांना दाखवायचं,
निनेटनं घरचं दोदोल आणलेलं.
मी घड्याळ पुढं नेलं.
ऑक्टोबर, शेवटचा रविवार, रात्र.
तिथं त्या रात्री दोन वाजायच्या जागी
पुन्हा एक वाजतो.
तोच तास दुसऱ्यांदा येतो, काही न घडल्यासारखा.

दीडची घंटा दोनदा वाजली.
खोली अकरा. हृदयाची गोळी.
दोना इर्मेलिंदा, वय एक्याण्णव,
मीच रचलेली, फक्त चाचणीपुरती,
कुठल्याच गावात नसलेली म्हातारी.
तिनं दोन्ही गोळ्या घेतल्या. शहाण्यासारख्या.

युजीन म्हणाला, माझ्या मशीनवर चालतं.
खोटं नव्हतं ते.
त्याचं घड्याळ इथलं,
आमच्याकडं असा तास येतच नाही.
वर्षातून एकच रात्र, कुणीतरी म्हणालं.
पुढच्या स्प्रिंटला घेऊ, दुसरं कुणीतरी.
सुलक्षा बशीतलं बिस्कीट चमच्यानं शोधत राहिली.

निनेटनं ‘कुणी केलं’ असं विचारलं नाही.
किती दिवस, एवढंच.
मग पोर्तूला फोन लावला,
एरवी फक्त आईशी बोलते त्या पोर्तुगीजमध्ये,
आणि त्यात एकदाही तिनं आवाज चढवला नाही.
फोन ठेवून फळ्यावर ‘अडलं’च्या खाली
स्वतःचं नाव लिहिलं.

मी ‘झालं’मधून कागद काढला,
एक घर मागं आणला.
मागचा गोंद गेलेला.
दोदोलानं चिकट झालेल्या अंगठ्यानं दाबून धरला,
राहिला.

संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीत चढले.
पाणी चढत होतं.
बाबा असते तर आता बॅटरीचे सेल बदलत असते.
मधोमध असताना युजीनचा मेसेज आला:
मार्चचंही बघ.
तेव्हा एकच्या जागी थेट दोन वाजतात.
दीड येतच नाही.

मी मार्च पाहिलाच नव्हता.
त्या रात्री दोना इर्मेलिंदा
उशाशी पाण्याचा पेला ठेवून
कुणीतरी उठवायची वाट बघणार.

फेरी चोडणला टेकली, फळी खाली आली,
स्कूटर, कोळणीच्या पाट्या, शाळेची पोरं, सगळे उतरले.
मी कठड्याला धरून तशीच उभी,
परतीची माणसं चढेपर्यंत.