पत्रा

मोनाप्पा मुचंडीकरांच्या दुकानावर
शनिवार खुटाच्या मागच्या बोळात
चार फूट बाय दोनचा एक पत्रा होता.
त्यांच्या वडलांनी त्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलं
'स्टो, बत्ती, छत्री रिपेर'.
बत्ती गेली. तिच्यावर पांढरा हात मारून
मिक्सर आला.
मग कुणी येऊन सांगून गेलं, कन्नड मोठं पायजे.
मोनाप्पांनी पत्रा उलटा केला.
मागची बाजू कोरीच होती,
चाळीस वर्षं भिंतीकडं तोंड करून.

मी गेले ते मिक्सर घेऊन, एवढंच विचारायला
की भंगारात किती येतील.
नवा बघून ठेवला होता, हप्त्यावर.
"काय झालंय त्याला?"
"जुना झालाय."
"जुना मीबी झालोय. बिघडलंय काय ते सांग."

खालचा कपलर झिजला होता.
बिस्किटाच्या डब्यात त्यांनी बोट फिरवलं,
दुसऱ्या कुठल्या तरी मेलेल्या मिक्सरचा कपलर काढला
आणि पिळताना म्हणाले,
"टाकून दे म्हणतात सगळी.
कुठं टाकायचं, ते मी बघून आलोय.
तुरमुरीच्या डेपोवर गेलतो सायकल मारत,
एका बाईची कुकरची शिट्टी हुडकायला.
चुकून गेली म्हणालती कचऱ्यात."
"मिळाली?"
"तिची नाही.
दुसऱ्यांच्या चार मिळाल्या."
मग थोड्या वेळानं, पान्हा खाली ठेवून,
"एक तांब्या होता. नाव कोरलेलं.
सौ. इंदुमती, बारशाची भेट.
पोचा बी नव्हता गं त्याला."

वीस रुपये झाले.

मला त्या दिवशी काही साक्षात्कार झाला नाही.
दूध अजून पिशवीतूनच येतं,
मंगळवारी कापडी पिशवी घरी विसरते
आणि ओढणीत वांगी बांधून आणते, लाजत.
पण फडताळ उघडलं तर
कुंद्याचे प्लॅस्टिकचे डबे
एकात एक बसून माझ्याकडं बघत होते, सतरा,
झाकणं मात्र अकराच.
पुढच्या वेळी मी आईचा स्टीलचा डबा घेऊन गेले.
काउंटरवरच्या पोरानं तो आधी आतून बघितला,
मग मला.
"डब्बी तूक एष्टु?" तो म्हणाला.
"ठेव काट्यावर, कळेल," मी म्हणाले.
रिकामा डबा ठेवून
त्यानं काटा शून्यावर आणला
आणि मग आम्हा दोघांनाही पुढचं सोपं गेलं.

मोनाप्पांच्या मुलानं औंदा फ्लेक्स लावला.
तीन भाषा, मोबाइल नंबर, कोपऱ्यात देवी.
सुगीच्या वाऱ्यात देवीकडनंच फाटला;
त्याचा तुकडा आता स्कूटरवर घातलेला असतो.
पत्रा परसात गेला.
खड्ड्यावर झाकण म्हणून. खड्ड्यात
कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा,
शेजारच्या शांतव्वाच्या खानावळीतली करपलेली भाकरी,
आणि वडगावच्या मागावरनं आलेली
सुती दोऱ्यांची गुंतवळ.
("रेशमी नको," ते बजावतात, "ते कुजत नाही, नुसतं चमकतं.")

परवा इस्त्री घेऊन गेले तर
म्हणाले, चल, दाखवतो,
आणि पत्रा उचलला.
आतनं ऊब आली, ओल्या मातीची नव्हे,
भिजवून ठेवलेल्या तंबाखूसारखी, थोडी गोड.
खालच्या वाफेनं
पत्र्याची आतली बाजू फुगली होती,
पांढरा रंग पापुद्र्यानं सुटलेला,
मिक्सर निम्मा गळून खड्ड्यात पडलेला,
आणि मागनं लाल अक्षरात, अजून ओली,
वर आली होती
बत्ती.

मोनाप्पा वाकून वाचत राहिले, चष्मा कपाळावर.
"बाबांचं अक्षर," म्हणाले.
मग पत्रा हळू ठेवला जागेवर,
आणि हात पुसत,
"असली कुणाकडं तर घेऊन यायला सांग.
वायसर आहेत माझ्याकडं."