चोच फुटलेलं अंडं

मांढळच्या पुढे, आमटोल्यात,
जानेवारीच्या धुक्यात आम्ही सहा जण उतरलो
पांढऱ्या कागदी कपड्यांत.
कुत्री भुंकली नाहीत,
नुसती मागे सरकली.

माझ्याकडे पॅड. बाकीच्यांकडे गोण्या, चुना.
मी मोजायचं, त्यांनी करायचं,
असं वाटून घेतलेलं काम.

इंद्रकला धुर्वे, घर नंबर सतरा.
टोपल्याखाली, बाजेखाली, चुलीमागच्या खोपट्यात
मिळून एकतीस.
"त्रेचाळीस होत्या जी," ती म्हणाली,
"बारा सोमवारी-मंगळवारी गेल्या."
आदेश बुधवारचा.
आदेशाआधी जी आपली आपण मेली
ती सरकारी हिशेबात धरत नाहीत.
हे वाक्य त्या दिवशी मी नऊ घरी बोललो;
नवव्या घरी आवाजही हलला नाही.

"म्हंजे लवकर मेल्या, हे त्यायचं चुकलं."
रागानं नाही. हिशेब लावत.

तक्त्यात रकाने चार:
अंडी देणारी, मांसाची, पिल्लू, अंडं.
जी अंडी देते, पाहुणा आला तर शिजते,
आणि पोरीची फी भरायची वेळ आली
की पिशवीत बसून बाजाराला जाते,
तिला कुठे लिहू?
साहेब फोनवर म्हणाले,
कुठेही लिहा, पण एकदाच लिहा.

शेवटची एक खापरात बसलेली.
उठेना. पोटाखाली अकरा अंडी,
एकाला तडा, तड्यातून चोच,
ज्वारीच्या दाण्याएवढी,
आत जाऊन परत बाहेर येणारी.
अंड्याचा दर वेगळा, पिल्लाचा वेगळा.
गोणीवाला खोळंबला.
इंद्रकला अंड्याकडे नाही,
माझ्या पेनाकडे बघत होती.

पिल्लू, एक.
मग उरलेल्या दहांनाही
तड्याची वाट न बघता
पिल्लू लिहीत गेलो.
सही करताना बोटांना चुन्याचा वास.

पैसे जुलैत आले आणि अडकले.
आधारवर इंद्रकला, पासबुकात इंद्रकळा.
एका ळ-साठी ती तीनदा नागपूरला आली.
सिव्हिल लाइन्सला, जिल्हा परिषदेच्या जिन्यात
भाकरीवर लाल मिरचीचा ठेचा घेऊन बसलेली
मीच पाहिली, आणि मीच आधी
दुसऱ्या जिन्यानं गेलो.
तिसऱ्या खेपेला नाही गेलो.
अर्ज लिहून दिला, टेबल दाखवलं,
खिडकीवाल्याशी भांडलोही थोडा.

जमा झाल्याचा मेसेज वाचून दाखवला
तेव्हा तिनं आकडा नाही विचारला.
"त्या बारा
लिवून ठेवल्या का कोठी?
पैसे नाही पायजे. लिवल्या का?"

नाही म्हणालो.

इंद्रकला धुर्वे, घर नंबर सतरा,
सोमवार-मंगळवार: बारा.
त्यातली एक उघड्या मानेची,
एक पायानं अधू,
पण सगळ्यात आधी दाण्यावर पोचणारी.
बाकीच्यांचे रंग
मी विचारले नाहीत.