फळ्यावरचा कार्यक्रम

मांद्र्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात
सतरा खोल्या, दोन झोपाळे
आणि रिसेप्शनबाहेर एक काळा फळा.
तो माझा.
रोज पहाटे ओल्या फडक्यानं काल पुसते
आणि खडूनं आज लिहिते.

दिवाळीआधी: नरकासुर बनवणे, कृपया रद्दी आणावी.
लोक खरंच आणतात, गाडीच्या डिकीतून.
यंदा त्याच्या पोटावर पुण्याची स्थळं चिकटली होती,
गोरी, गृहकृत्यदक्ष, पत्रिका पाहणारी.
पहाटे चारला सगळी जळाली,
मुलांनी टाळ्या वाजवल्या,
मुलांच्या मोठ्या आत्यानं जरा जास्तच.

डिसेंबरात रोझालिन नक्षत्रं टांगते, गोठा मांडते.
गोठ्यातलं बाळ दरवर्षी कुणीतरी पोर उचलतं
आणि झोपाळ्यावर नेऊन बसवतं.
आम्ही कंदील घेऊन शोधत फिरतो.
तिन्ही राजे तोवर आपले उंटांसकट ताटकळत.

फळ्यावर एकाच गोष्टीला वेळ नसते.
कासवाची पिल्लं: त्यांना वाटेल तेव्हा.
फेब्रुवारीत एकदा रात्री अडीचला
वनखात्याच्या उदयनं माझी खिडकी ठोकली,
मी नाव नोंदवलेल्यांची दारं.
मॅनेजर कुटिन्होंनी स्वतः जाऊन
पार्कच्या नावाचे निळे दिवे विझवले.
चादरी पांघरलेली अकरा मुलं, एकही खोकलं नाही.
वाळू हलली. मग वाळूला पाय फुटले.
परतताना एक आजोबा म्हणाले,
'पहिल्यांदाच काही वेळेवर झालं.'

मे महिन्यात मात्र मला लिहायला नको वाटतं:
सकाळी साडेसहा. रापण ओढणे.
सर्व वयोगटांसाठी. टोप्या आणाव्यात.

दोराच्या पुढच्या टोकाला, कमरेएवढ्या पाण्यात,
माझे बाबा असतात.
वय अडुसष्ट, म्हणजे तेही वयोगटातच.
मागे निपाणी, इचलकरंजी, सांगली
वाळूत टाचा रोवून हसत ओढतात,
फोटो काढायला दोर सोडतात,
आणि सोडलेला सगळा भार
बाबांच्या खांद्यावर येतो.
ते वळून बघत नाहीत.
याच दोरावर माझी शाळा झाली,
ताईचं लग्न झालं.
आता त्याला ॲक्टिव्हिटी म्हणतात.
पैसे महिन्याच्या महिन्याला येतात, तेही खरं.

कुटिन्होंनी एकदा सुचवलं,
म्हापशाहून पेटीभर बांगडे आणू,
गुपचूप जाळ्यात सोडू, पाहुणे खूश.
बाबा हात पुसत म्हणाले,
'बर्फाचो बांगडो, सायबा, भुरग्यांकय कळटलो.'
पेटी आली नाही.

त्या दिवशी जाळ्यात मिळालं ते असं:
दोन मुठी पेडवे, एक लेपो,
रागानं फुगून चेंडू झालेला एक केंड
आणि एक चप्पल, डाव्या पायाची.
मोठ्यांचे चेहरे पडले.
शर्वाणी नावाची सहा वर्षांची मुलगी
वाळूत उकिडवी बसून सगळं मोजत होती.
चप्पल हातात धरून तिनं बाबांना विचारलं,
'हिची दुसरी कधी येणार?'
बाबांनी दर्याकडे पाहिलं,
वारा कुठला आहे ते बघतात तसं, नीट,
आणि म्हणाले, 'फाल्यां.'

दुसऱ्या दिवशी मी फडकं घेऊन गेले
तर माझ्या अक्षराखाली, वाकड्या ओळीत:
उदया दुसरी चपल.
'उद्या' चुकलं होतं.
तेवढी ओळ सोडून मी बाकीचा फळा पुसला.
ते लोक गेले तरी आठवडाभर.

आता जून. खोल्यांना कुलपं.
सांजावला रोझालिनचे भाऊ
डोक्यावर फुलांची कोपेल घालून
विहिरीत उड्या मारतील.
हे मी कधीच फळ्यावर लिहिलं नाही,
बोलावलेल्यांनाच माहीत असतं.

फळा घरी आणला, भिंतीकडे तोंड करून ठेवला.
बाबा खोपीत जाळं शिवत बसलेत.
वर खुंटीला ती चप्पल.
फेकून देऊ का, म्हटलं
तर सुई तोंडात धरूनच त्यांनी मान हलवली:
नको.