खोल पाणी, अर्धा दिवस

पाटी मीच रंगवली, आयटीआयतून उरलेल्या निळ्या रंगानं:
'खोल पाण्यातली मासेमारी. अर्धा दिवस बाराशे.
मासा लागेलच असं नाही.'
शेवटची ओळ बाबांनी लिहायला लावली.
"पान्याच्या नावानं खोटं नोको लिहू," म्हणाले
आणि ब्रश धुवून दिला.

समुद्र आमच्यापासून किती लांब, ते भूगोलाच्या पुस्तकात होतं.
आमच्याकडे इटियाडोह:
डोंगरांच्या काखेत अडलेलं गाढवी नदीचं पाणी,
मधोमध साठ हात,
बाबांच्या गाठी मारलेल्या दोरानं मोजलेलं.
साठाला दोर संपतो. पाणी नाही.

चैत्रातला शनिवार. नागपूरचे पराते साहेब
जावयाला घेऊन पहाटे साडेपाचला हजर.
रॉड अकरा हजारांचा, रील जपानी,
आमिष मात्र आईच्या हातचं:
कोंडा, शेंगदाण्याची पेंड
आणि मोहाची चार फुलं, कुस्करून.
गोळा हातात देऊन ती टोपली घेऊन रानात गेली.
मोहफूल उन्हाची वाट बघत नाही.

साहेबांच्या मोबाईलवर पिवळा सूर्य होता,
दर तासाला एक, संध्याकाळपर्यंत.
बाबांनी तो आदरानं पाहिला.
मग बुडालेल्या सागाच्या ठुटावरचे पाणकावळे पाहिले.
एकानंही पंख पसरले नव्हते.
"जाऊ," म्हणाले, "पर जेवाचे डबे काठावरच राहू द्या.
दुपारपर्यंत बसाचं नाही आपल्याले."

आठला ऊन. साडेआठला अंगावर काटा.
नऊला पुन्हा असं ऊन की जावयानं शर्ट काढला.
दोन रोहू आले, किलोकिलोचे, कुणाला दाखवावेत असे नाही.
पाणी बाटलीच्या काचेसारखं होतं,
ते हळूहळू शाळेच्या पाटीसारखं झालं.

मग रील किंचाळली.
"कतला," बाबा म्हणाले. "म्हातारा हाय. वीस किलोच्या वर."
आणि त्याच श्वासात मला, "इंजिन चालू कर."
कारण पश्चिमेचा डोंगर जागेवर नव्हता.
तिथं एक पांढरं काहीतरी होतं, चालत येणारं.

साहेब म्हणाले, पाच मिनिटं.
बाबा म्हणाले, दांडी खाली करा.
साहेब म्हणाले, दुप्पट देतो.
वीज पडली कुठेतरी, आवाज होडीच्या बुडातून आला,
आणि बाबांनी कमरेची सुरी काढली.
अकरा हजारांचा रॉड, पण माशापर्यंत जातो तो तंगूसच.
तुटल्याचा आवाजही झाला नाही.

दोन वर्षं डिझेल इंजिन शिकलो मी.
थरथरत्या हातानं हँडल कसं मारायचं
ते पेपरात कधी आलं नाही.
तिसऱ्या वेळेला धरलं.

गारा. आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या.
चहूकडे पाणी उकळत होतं
आणि आमचे दात वाजत होते.
जावई डोक्यावर आमिषाचं घमेलं धरून बसला.
त्या टणटणाटात साहेब बोलत होते,
बहुतेक शिव्या.
बाबा प्रत्येक शब्दाला मान डोलावत होते.

काठाला लागलो तर ऊन,
जसं काही झालंच नाही.
होडीत टोपलीभर गारा. बाबांनी दोन्ही रोहू
त्यांत पुरले, बोटांनी दाबून.
"बर्फाचे चाळीस वाचले."
साहेबांना हसायचं नव्हतं. हसले.
बाराशे दिले मोजून.
बाबांनी दोनशे परत केले, गळाचे आणि तंगुसाचे.

बांधावरून आई आली.
टोपलीत तळाशी फुलं, ठेचलेली, काळी पडत चाललेली,
कपाळावर टेंगूळ.
आधी होडीकडे पाहिलं. मोजलं. चार.
मग टोपली खाली ठेवली.

"तो तिथंच राहील ना?" साहेबांनी विचारलं.
"गळ हाय त्याच्या तोंडात तुमचा," बाबा म्हणाले,
"भेटला का ओळखू येईल."

आईनं रोहूवरची एक गार उचलली
आणि कपाळाला लावून उभी राहिली,
ती विरघळेपर्यंत.