डाव्या पेडलचे आटे

नाव क्लिपलेस,
आणि आठ वर्षं बुटाच्या तळाशी क्लिप.
बारसं करणाऱ्यानं सायकल पाहिली नसावी.

हत्ताला, धरणामागच्या वळणावर,
एका बकरीसाठी थांबलो.
टाच बाहेर वळवायची, एवढंच तर असतं.
वळली नाही.
ट्रकमधून उतरवताना कपाट कलावं
तसा उभ्याउभ्या, सावकाश, डावीकडे कलत गेलो
सायकलसकट.
विचार करायला भरपूर वेळ होता.
बकरीलाही.
ती बघत राहिली, मग समरच्या शेंगांकडे निघून गेली.

शून्य स्पीडला मनगट मोडणारा
पहिलाच बघतोय, बिनॉय म्हणाला.

सहा आठवडे प्लास्टर.
मग शारजात गुलझमीनच्या दुकानातून
फ्लॅट पेडलं आणली, तळहाताएवढी,
वर किसणीसारखे खिळे.
चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत
उजवं निघालं.
डावं हलेना.
पान्यावर पाय देऊन अर्धा तास मी ते सोडवत होतो,
म्हणजे आवळत होतो.
डाव्याचे आटे उलटे.
फोनवर गुलझमीनला हसू आवरेना:
साब, दुनिया जिधर कसती है, ये उधर खुलता है.

पहिल्याच चढावर सवयीनं पाय वर ओढला.
नुसता बूट वर आला.
पेडल गरकन फिरून नडगीवर.
एका ओळीत पाच लाल टिंबं,
पुढे काय म्हणायचं ते विसरलेल्या वाक्यासारखी.
टाच खाली! बिनॉय पुढून ओरडतो,
टाच खाली ठेव!
आठ वर्षं त्यानंच सांगितलं होतं, ओढ.

मान्य, चढावर मागे पडतो आता.
जुने बूट लॉबीच्या फरशीवर टकटक वाजायचे,
दिलबहादूर मान वर न करता सलाम करायचा.
आता मी कधी जातो, कधी येतो,
त्याला कळत नाही.
बिनॉय म्हणतो, हे तर आपल्या व्हिसासारखंच.
बिनॉय प्रत्येक गोष्टीत व्हिसा आणतो.
मी पेडलबद्दल बोलतोय.

टाच मात्र अजून वळते.
सिग्नलला, ब्रेकवर.
मीटिंगमध्ये टेबलाखाली.
झोपेतसुद्धा; शाल्मली म्हणते, लाथ बसते रे.

काल खडकाच्या पायरीपाशी पुढचं चाक अडलं.
घाबरायला सुरुवात केली
आणि खाली पाहिलं, तर पाय आधीच टेकलेला,
अख्खा पंजा, तापलेल्या खडीवर.
कोणी सांगितलं त्याला?

बिनॉय वळणापलीकडे गेला होता.
पाणी प्यालो. गरम होतं.
पातळ तळव्यातून खडे एकेक मोजता येत होते.
मोजले.